एमजीबी आणि तिच्या बहिणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडात राहतो, माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी) आहे आणि तिच्याखाली पाठ टेकून झोपण्यात माझे बरेच शनिवार गेलेत. इथल्या मराठी मंडळींकडून आणि अधूनमधून पुण्या-मुंबईहून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही, नोकरी दुसरीच आहे, फक्त हात काळे करायची हौस आहे.

१. पहिल्यांदाच क्लासिक घेतोय. मनात जॅग्वार ई-टाइप आहे, पण सगळे म्हणतात एमजीबी घे. का?

कारण एमजीबी ही स्पोर्ट्स गाडीच्या कपड्यातली साधी घरगुती गाडी आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर निघाली, आणि इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची तेव्हाची मालक कंपनी) बी-सिरीज, १७९८ सीसी, म्हणजे त्या काळच्या फॅमिली गाड्यांतलंच. त्यामुळे पार्ट्स आजही मिळतात, तेही परवडतात. अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या मूळ डाय (पत्र्याचे साचे) शोधून काढून १९८८ पासून परत बनवायला घेतली. ई-टाइप दिसायला अप्सरा आहे हे मान्य, पण तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला चिकटून आहेत, साधं ब्रेकचं काम करायचं तरी हात आत घालून रडायची वेळ येते. पहिली गाडी शिकायला घ्या. ई-टाइप लॉटरी लागल्यावर.

रोडस्टर की जीटी? टप काढून फिरायचं असेल तर रोडस्टर, पोरांना मागे कोंबायचं असेल आणि पावसात कोरडं राहायचं असेल तर जीटी. जीटी स्वस्तही पडते. १९७४ च्या शेवटापासून अमेरिकन नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडी साधारण दीड इंच उंच झाली, त्या वळणावर जास्त कलतात म्हणून लोक नाकं मुरडतात. पण पत्रा चांगला असेल तर रबरी बंपरवाली चांगली गाडी क्रोमवाल्या कुजक्या गाडीपेक्षा शंभर पटीने बरी.

२. गाडी बघायला चाललोय. इंजिन ऐकून काय कळेल?

इंजिन नंतर ऐका, आधी गंज बघा. इंजिन हाताने बांधता येतं, कुजलेला पत्रा मात्र तुम्हाला खिशातून बांधतो. या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालची जी लांब पट्टी दिसते ना, सिल, तीच गाडीचा कणा. रोडस्टरला तर छप्परही नाही, त्यामुळे सगळा भार सिलवरच.

दार उघडा, बंद करा, दाराच्या मागच्या कडेची फट बघा. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी बाजूने जॅकवर घ्या आणि तीच फट परत बघा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर गाडी मधून वाकतेय, चहा पिऊन घरी या. सिलवर, चाकाच्या मागे-पुढे आणि दाराच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सीटच्या मागची फळी उचलून बॅटरीचे खड्डे बघा, तिथून बरेचदा थेट रस्ता दिसतो.

३. सिल बाहेरून नवीकोरी दिसतेय, बिलसुद्धा दाखवलं. मग झालं ना?

नाही. सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा, मधला उभा पडदा आणि खालचा असे थर मिळून ती पेटी होते. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने एका गॅरेजमधून (नाव घेत नाही) नवी सिल लावून घेतली होती, रंग झकास, बिलही होतं. मी दोन वर्षांनी खालचं रबरी बूच काढून आत टॉर्च मारला तर आतला पडदा बिस्किटासारखा, बोट लावलं तर पापुद्रे हातात आले. नवा पत्रा सरळ कुजक्यावर चिकटवला होता. म्हणून बिलावर नाही, काम चालू असतानाच्या फोटोंवर विश्वास ठेवा. आणि तुम्ही स्वतः हे काम करवून घेणार असाल तर वेल्डरला आधी विचारा की सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा बार टाकणार ना. तो "कशाला" म्हणाला तर दुसरा वेल्डर शोधा, नाहीतर दारं कधीच नीट लागणार नाहीत.

४. माझे घरचे पाने बसत नाहीत, नट गोल होतायत. काय चुकतंय?

तुमचे पाने मिलिमीटरचे आहेत, गाडी इंचात आहे. एमजीबी, एमजीचीच छोटी मिजेट, ट्रायम्फची स्पिटफायर यांना एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंतलं अंतर, इंचात) पाने लागतात, अर्धा इंच, नऊ-सोळांश आणि सात-सोळांश एवढ्या तीनात अर्धी गाडी उघडते. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर "जवळजवळ" बसतो, तिथेच घात होतो. कार्ब्युरेटरवर आणि इलेक्ट्रिकच्या जागी बारीक बीए आटे सापडतील, तिथे जबरदस्ती करू नका.

अपवाद गमतीचा आहे. एमजीच्या जुन्या टी-टाइप गाड्या, टीसी-टीडी वगैरे, त्यांच्या इंजिनचे आटे मेट्रिक आहेत पण नटाचं डोकं जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचं, कारण मॉरिसच्या इंजिन कारखान्याचं मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीत. आटे फ्रेंच, डोकं ब्रिटिश. हरवलेला बोल्ट दुकानात जाऊन मिळत नाही तो यामुळेच.

५. सर्व्हिसिंगला नेमकं काय काय करायचं?

दर तीन हजार मैलांनी, आणि गाडी तेवढी चालत नसली तरी वर्षातून एकदा, इंजिन ऑइल आणि फिल्टर. ऑइल २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. हेच ऑइल गिअरबॉक्समध्येही जातं, हे वाचून सगळे दचकतात पण ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा उंच गिअर) त्याच ऑइलवर चालतो. मागच्या अ‍ॅक्सलला मात्र ईपी९० गिअर ऑइल. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस गन, प्रत्येक बाजूला तीन निपल, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं. हे चुकवलं तर स्टिअरिंग जड होतं आणि मग किंगपिन बदलायचा खर्च. प्लग एनजीके बीपी६ईएस, गॅप २५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप १५ थाउ. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी.

टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यातली फट) १५ थाउ, इंजिन थंड असताना. इथे नऊचा नियम लक्षात ठेवा: व्हॉल्व्ह आठ आहेत, जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नवातून वजा करा, जो येईल तो सेट करा. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा असेल तर सहावा. प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि ढकलत इंजिन फिरवायचं. शेजारच्यांना वाटतं गाडी बंद पडली म्हणून धक्का मारायला येतात, येऊ द्या.

६. महागडं फुल सिंथेटिक ऑइल घातलं तर इंजिनला चांगलंच ना?

पैसे वाया. पातळ ऑइल या जुन्या इंजिनात कुठून कुठून बाहेर येतं ते बघाल (प्रश्न १५). शिवाय आत कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, त्यांना ऑइलमधलं झिंक लागतं आणि ते आजकालच्या ऑइलमध्ये कमी केलेलं असतं. क्लासिकसाठी म्हणून जे २०डब्ल्यू-५० विकतात तेच घ्या.

७. माझी एमजी नाही, ट्रायम्फ स्पिटफायर आहे. ग्रीसचं तेच सगळं लागू?

थांबा, इथे फरक आहे आणि तो जिवावरचा आहे. स्पिटफायर आणि हेरल्डच्या पुढच्या ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा आट्यांचा सांधा) ग्रीस नाही, ईपी९० गिअर ऑइल घालायचं असतं. तिथे निपल ग्रीसचाच बसतो म्हणून लोक ग्रीस दाबतात, ते आट्यांत पोचत नाही, खाली पाणी साठतं, आटे गंजतात आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. ग्रीस गनमध्येच ऑइल भरून मारा, गळतं, हात बरबटतात, पण मारा. बाकी कामं प्रश्न ५ सारखीच, पण टॅपेटचा गॅप आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आहे, ते स्पिटफायरच्या हँडबुकातून घ्या.

८. पेट्रोल कुठलं भरू? ई१० चालेल का?

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तुम्ही सुपर भरा, ते ई५ असतं. इथेनॉल जुने रबरी पाइप, डायफ्राम खातं आणि पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीला जास्त त्रास. एकदा चुकून ई१० भरलं तर टाकी रिकामी करत बसू नका, चालवून संपवा. पण पेट्रोलचे सगळे पाइप नव्या आर९ दर्जाचे (इथेनॉल सोसणारे) टाकून घ्या, फार खर्च नाही. जुना पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर आजच बदला, कारण तो गरम एक्झॉस्टपासून फार लांब नसतो.

शिशाचा प्रश्न वेगळा, पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झिजू देत नसे. इथे २००० सालापासून शिसंवालं पेट्रोल सर्रास मिळायचं बंद झालं, तेव्हा बऱ्याच लोकांनी हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. तुमच्या हेडचं काम झालंय का माहीत नसेल तर टॅपेटचा गॅप लिहून ठेवत जा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप दरवेळी कमी होत असेल तर सीट झिजतेय. तोपर्यंत अ‍ॅडिटिव्ह टाका आणि मोटरवेवर दामटू नका.

९. काल चालू होती, आज नाही. स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही.

चावी फिरवा, स्टार्टर मारू नका, फक्त ऐका. मागून टकटकटक असा आवाज येऊन थांबला पाहिजे, तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. आवाज आला आणि थांबला तर पेट्रोल पोचलं, आता इग्निशन बघा. आवाज थांबतच नसेल तर टाकी रिकामी, किंवा कुठेतरी हवा ओढतोय, किंवा कार्ब्युरेटरची सुई अडकून पेट्रोल खाली सांडतंय, तेव्हा लगेच बंद करा आणि वास घ्या. आवाजच नसेल तर पंपाच्या आतले पॉइंट चिकटलेत.

माझा पंप चिकटला तो ए३४ हायवेवर, तेही अ‍ॅबिंग्डनच्याच फाट्याजवळ, पावसात, शेजारी बायको कांजीवरममध्ये कारण आम्ही लग्नाला चाललो होतो. मागच्या उजव्या चाकाजवळ हात घालून पान्याने दोन टपल्या मारल्या, टकटक सुरू, लग्नाला वेळेत. तेव्हापासून डिकीत एक मोडकं लाटणं ठेवलंय, लाकडाने पंपाला पोचा पडत नाही. पण टपली हा इलाज नाही, पंप उघडून पॉइंट साफ करा किंवा नवा टाका.

पेट्रोल येतंय तरी घेत नसेल तर बहुतेक वेळा रोटर किंवा कन्डेन्सर. नवीन घेतलेला कन्डेन्सर हाही संशयितच धरा, हल्ली मिळणारे काही आठवडाभर टिकत नाहीत. मी जुना चालू कन्डेन्सर फेकत नाही, ग्लव्ह बॉक्समध्ये असतो.

१०. कार्ब्युरेटर ट्यून करायचेत, स्क्रू किती फिरवू?

अजून एकही फिरवू नका. टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग या क्रमाने आधी करा, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. कार्ब्युरेटरची बहुतेक दुखणी डिस्ट्रिब्युटरमध्ये निघतात. मग दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांच्या डोक्यावरचं काळं झाकण काढून डॅम्परमध्ये इंजिन ऑइल आहे ना बघा, नसेल तर पिकअप घेताना गाडी गचके खाते.

इंजिन गरम झालं की रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हींचा फुस्स आवाज सारखा येईपर्यंत स्लो स्पीडचे स्क्रू जमवा. मग पिस्टन एक मिलिमीटरभर उचला: आवाज चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, किंचित चढून परत जागेवर आलं तर बरोबर. खालचा जेटचा नट खाली नेला की पेट्रोल वाढतं. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवायची. माझ्या मित्राने अर्धा दिवस हे केलं आणि शेवटी व्हॅक्यूमचा पाइपच निघालेला सापडला, तर तोही आधी बघा.

११. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन धडधडतच राहतं!

भूत नाही. सिलिंडरमध्ये तापलेला कार्बन असतो, तो स्पार्कविना पेट्रोल पेटवतो. स्लो स्पीड जास्त ठेवला असेल तर हमखास, तो ७५०-८०० वर आणा, टायमिंग तपासा, सुपर पेट्रोल भरा. तोवर तात्पुरतं: ब्रेक दाबून ठेवा, चौथ्या गिअरमध्ये टाका, चावी बंद करा, क्लच सोडा. गप बसते.

१२. लुकास कंपनीच्या वायरिंगबद्दल एवढे विनोद ऐकलेत, सगळं वायरिंगच बदलून टाकू का?

विनोद ऐकायला बरे, पण पन्नास वर्षं चाललेल्या वायरिंगला अजून काय करायला पाहिजे? खरा त्रास दोन ठिकाणी: अर्थिंगचे गंजलेले जोड आणि बंदुकीच्या गोळीसारखे ते बुलेट कनेक्टर. सगळे उपसून पॉलिश पेपर मारून व्हॅसलीन लावा, एका रविवारचं काम आहे, अर्धी दुखणी जातात. रंग पाठ करा: काळी अर्थ, तपकिरी कायम चालू, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूजनंतरची. त्यानंतरही हेडलाइट मिणमिणत असतील तर रिले टाका.

फ्यूज घेताना जपा. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलंय म्हणजे ३५ अँपिअरला तो उडतो, सतत सोसतो १७ च. मॉडर्न फ्यूजवर मात्र सतत सोसण्याचा आकडा असतो, म्हणजे ३५ चा मॉडर्न फ्यूज टाकलात तर फ्यूज राहील आणि वायर जळेल. माझ्या गाडीत तर फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. आधीच्या मालकाच्या असल्या करामती काढण्यातच पहिलं वर्ष जातं.

१३. माझी १९६५ ची आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलाय. कोणी उलटा जोडला का?

कोणी नाही, १९६७ पर्यंत तशाच यायच्या. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, एकापुढे एक जोडलेल्या, तेही मूळचंच. तशीच ठेवली तरी गाडी उत्तम चालते, फक्त मोबाइलचा चार्जर, रेडिओ, नेहमीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं नाही, जाळून घ्याल. जंप स्टार्ट देणाऱ्याला आधी ओरडून सांगा.

उलटं करून घ्यायचं असेल तर बॅटरीच्या तारा बदलल्या की झालं असं समजू नका. डायनॅमोला नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते, कॉइलच्या वायरी बदलायच्या, आणि आरपीएमचा इलेक्ट्रॉनिक मीटर आतून बदलून घ्यावा लागतो.

१४. क्लच प्लेट बदलायला मेकॅनिकने "इंजिन उतरवावं लागेल" सांगितलं. फसवतोय का?

नाही, खरं सांगतोय. एमजीबीत गिअरबॉक्स खालून एकटा निघत नाही. म्हणून इंजिन उतरलंच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील एकदमच बदला. हे बेअरिंग कार्बनचं असतं, गोळ्या नसतात त्यात, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर खडूसारखं झिजतं. न्यूट्रल करा, पाय काढा.

पण इंजिन उतरवण्याआधी क्लच ऑइलची पातळी बघा. गिअर पडत नसतील तर दोष बऱ्याचदा स्लेव्ह सिलिंडरच्या रबरात असतो, ते काम तासाभराचं. तसंच ओव्हरड्राइव्ह लागत नाही म्हणून गिअरबॉक्स उघडायला निघालात तर आधी ऑइलची पातळी, मग वायरी आणि गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच तपासा, बहुतेक तिथेच असतं.

१५. खाली ऑइल गळतं. किती गळणं नॉर्मल?

रात्रीतून रुपयाएवढा डाग असेल तर पुठ्ठा टाका आणि विसरा. बशीएवढा असेल तर शोधा. सील बदलण्याआधी इंजिनचा ब्रीदर साफ आहे का बघा, तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागे रबरी सील नाहीच, क्रँकवर आट्यासारखी खाच आहे, ती फिरताना ऑइल मागे ओढते, ते थोडं गळणारच. ऑइल प्रेशरच्या मीटरवर चालताना ५० ते ८० पीएसआय दिसतंय ना? मग झोपा शांत.

१६. तारांच्या चाकांना वेगळं काय करायचं?

आऱ्यांवर पाना हलकेच वाजवत जा, घट्ट आरा टणकन वाजतो, सैल आरा ठक्क. पुढे-मागे घेताना खट्ट असा आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. चाक काढलं की दात्यांना ग्रीसचा पातळ हात. मधला नट तांब्याच्या हातोडीने ठोकायचा, लोखंडाच्या नाही, आणि थोडं चालवून परत ठोकून बघायचा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, नटावर बाण असतो, तो वाचा. कोणी हब अदलाबदल करून बसवले असतील तर नट चालताचालता सुटतो, म्हणून नवी घेतलेली गाडी पहिल्याच दिवशी तपासा.

१७. हिवाळाभर उभी ठेवायची आहे. आणि वसंतात काढली की ब्रेक धरून बसतात, ते का?

रस्त्यावर मीठ पडायच्या आत धुऊन, खालून पाणी मारून, पूर्ण वाळवून ठेवा. ऑइल ठेवण्याआधी बदला, नंतर नाही. अँटिफ्रीझ निळं. हँडब्रेक सोडून चाकाला लाकूड लावा. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो.

ब्रेक धरून बसण्याची कारणं दोन. कॅलिपरचा पिस्टन गंजणं हे एक, ते सगळे बघतात. दुसरं कोणी बघत नाही: ब्रेकचा जुना रबरी होज आतून फुगतो, पाय दाबला की ऑइल जातं पण परत येत नाही. होज बाहेरून छान दिसतो, तरी दहा वर्षांचा असेल तर बदला. आणि सिलिकॉनचं डॉट ५ आधीच्या डॉट ४ मध्ये मिसळू नका. डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी सिलिकॉन नाही, ते चालतं.

१८. चाळीस वर्षांच्या वरची गाडी, एमओटी नाही, टॅक्स नाही, मग कागदपत्रांची कटकटच नाही ना?

आहे थोडी. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) माफ आहे, पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठे बदल केले असतील तर नाही. टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी भरल्याची नोंद करावीच लागते. लंडनच्या यूलेझमधूनही (धुरकट गाड्यांवर रोजचा आकार लावणारा भाग) हिस्टॉरिक म्हणून सूट आहे. मी तरी वर्षातून एकदा मुद्दाम एमओटी करून घेतो, गाडी लिफ्टवर जाते आणि माझ्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर चोरी झाली तर साध्या जुन्या गाडीचे पैसे हातात ठेवतील.

१९. पुण्यात आजोबांची एमजीए पडून आहे. इथे कोण हात लावणार तिला?

अ‍ॅम्बेसेडरवर केस पांढरे झालेला मेकॅनिक शोधा. खरंच. एमजीएचं सुरुवातीचं इंजिन १४८९ सीसीचं बी-सिरीज, आणि जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचंही १४८९ सीसीचं बी-सिरीजच, एकाच घराण्यातली. तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर दोन असतील आणि कॅम-कॉम्प्रेशन वेगळं असेल, पण टॅपेट, टायमिंग, हेड खोलणं हे त्याला डोळे मिटून येतं. सगळे पार्ट्स एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा गॅस्केट आणि बेअरिंग मागवताना इंजिन नंबर देऊन इंग्लंडातूनच मागवा. पेट्रोलचे पाइप सगळे नवे टाका, भारतात आता ई२० आहे, प्रश्न ८ मधलं दुप्पट धरा.

पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, २०२१ च्या नियमाने, नंबरात व्हीए येतं, मात्र मग रोज ऑफिसला न्यायची नाही. आणि इतकी वर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग क्रँक हाताने फिरवून बघा. फिरला तर मला फोटो पाठवा, नाही फिरला तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा आणि अजून आठवडाभर थांबा.